येलचं फॉरेस्ट स्कूल : पिन्शो सोडून तिथे खरं शिकवलं कोणी?

पानगळ_२२ :

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी फॉरेस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला "फॉरेस्ट्री शिक्षणाचा इतिहास" असा विषय घेतलाय आणि अमेरिकेच्या भागासाठी येल युनिव्हर्सिटीचं फॉरेस्ट स्कूल निवडलंय, कारण १९०० पासून मध्ये बंद न पडता चालू असलेलं तिथलं सगळ्यात जुनं स्कूल तेच. पण प्रॉब्लेम असा झालाय की जिथे वाचावं तिथे गिफर्ड पिन्शो. आयडिया त्याची, पैसे त्याच्या घरचे, फोटो त्याचा, मिशी त्याची. आता हा माणूस १८९८ पासून वॉशिंग्टनला सरकारी फॉरेस्ट्री डिव्हिजनचा प्रमुख होता, १९०५ ला यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला चीफ झाला, मग न्यू हेवनला (येलचं गाव) वर्गात खडू घेऊन उभं कोण राहत होतं? माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या नुसतं संस्थापकाचं चरित्र आणलंस तर मार्क कापेन, शिकवणाऱ्यांची नावं आण आणि त्यांनी काय वेगळं शिकवलं ते आण. म्हणून इथे विचारतेय. ग्रेव्हज, टूमी, चॅपमन ही नावं दिसली पण त्यांच्याबद्दल दोन ओळींच्या पुढे काही हाती लागत नाहीये. आणि आपल्याकडच्या फॉरेस्ट्रीशी ह्यांचं काही कनेक्शन आहे का? ब्रँडिसचं नाव एका ठिकाणी ओझरतं आलं होतं.

जुना_रेंजर :

विषय चांगला घेतलास पोरी. मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण पिन्शोला एकदम बाहेर काढू नकोस, त्याची जागा समजून घे. वडील जेम्स पिन्शो, न्यूयॉर्कला वॉलपेपरच्या धंद्यात पैसा केला, त्याच्या आधीची पिढी पेन्सिल्व्हेनियात मिलफर्डला लाकूडतोड करून वर आलेली. जंगल तोडून झालेल्या घराण्यातल्या माणसानेच पोराला सांगितलं की तू फॉरेस्टर हो, आणि तेव्हा अख्ख्या अमेरिकेत हा कोर्स कुठेच नव्हता. पोरगा येलमधून १८८९ ला बाहेर पडला, फ्रान्सला नान्सीच्या स्कूलमध्ये जेमतेम वर्षभर काढून परत आला. थांब अजून शिक असं ब्रँडिस (हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख) सांगत होते तरी थांबला नाही, घाई फार. पुढे १९०० साली पिन्शो कुटुंबाने येलला दीड लाख डॉलर दिले आणि स्कूल सुरू झालं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खडू घेऊन उभा होता तो हेन्री सोलन ग्रेव्हज. माझ्या मते हे स्कूल ह्या माणसाचं आहे, पिन्शोचं नाही. १८७१ चा जन्म, येलचाच १८९२ चा पदवीधर, म्युनिकला जाऊन शिकून आला, पिन्शोबरोबर व्हाइट पाइनवर पुस्तक लिहिलं, डिव्हिजनमध्ये त्याचा उजवा हात होता. स्कूल निघालं तसा नोकरी सोडून तिकडे गेला आणि १९०० ते १९१० प्रमुख राहिला. आल्या आल्या त्याला कळलं की शिकवायला अमेरिकेतलं पुस्तकच नाही, सगळं जर्मन, आणि जर्मनीतले कोष्टक अमेरिकेतल्या झाडाला लावून घनफळ काढता येत नाही. मग स्वतः फॉरेस्ट मेन्सुरेशनचं, म्हणजे झाडं-लाकूड मोजण्याच्या शास्त्राचं पुस्तक लिहिलं, १९०६ ला आलं. आम्ही ट्रेनिंगला असताना झाडाची उंची मोजायचा हायप्सोमीटर घेऊन झाडाखाली उभं राहायचो ना, त्या सगळ्या मोजमापाच्या शिकवणीचा अमेरिकन धडा तिथून सुरू होतो.

१९१० च्या जानेवारीत प्रेसिडेंट टाफ्टने पिन्शोला काढून टाकलं (टाफ्टचा मंत्री बॅलिंजर, त्याच्याबरोबरचं भांडण, ते तुला मिळेलच) आणि त्याच्या जागी आणलं कोणाला तर ग्रेव्हजला. म्हणजे मास्तर उचलून चीफ केला. तिथे खातं अक्षरशः हादरलेलं होतं, लोक सोडून जायच्या बेतात, ह्याने शांतपणे दहा वर्षं सांभाळलं, मध्येच पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लष्करासाठी लाकूड काढायला फॉरेस्टर लोकांची इंजिनिअर रेजिमेंट उभी करायला गेला. आणि नंतर १९२२ ला परत येलला डीन, थेट १९३९ पर्यंत. दोन्ही वेळा मिळून सत्तावीस वर्षं. भाषणं ठोकणारा नव्हता म्हणून नाव मागे पडलं, दुसरं काही कारण नाही.

न्यूहेवनकर :

मी गेली काही वर्षं न्यू हेवनलाच राहतो (आयटीत आहे, फॉरेस्ट्रीशी संबंध फक्त वीकेंडला ट्रेल चालण्यापुरता) तर जागेचं थोडं सांगतो. स्कूलची पहिली इमारत मार्श हॉल, प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर टेकाडावर आहे अजून. तो डायनोसोरची हाडं गोळा करणाऱ्या प्रोफेसर ऑथनिएल मार्शचा बंगला, त्याने मरताना युनिव्हर्सिटीला दिला आणि तो रिकामाच होता म्हणून फॉरेस्ट्रीवाल्यांना मिळाला. पहिल्या बॅचला मोजून सात जण. पुढे विसाच्या दशकात सेज हॉल झाला, आत्ताची क्रून हॉल २००९ ची.

पण मला वाटतं तुझ्या सेमिनारला इमारतीपेक्षा मिलफर्ड जास्त कामाचं. पिन्शो घराण्याच्या ग्रे टॉवर्स नावाच्या इस्टेटीला लागून येलचं समर स्कूल भरायचं, १९०१ ते १९२६. पोरं तंबूत राहायची, सर्व्हे, झाडं ओळखणं, मोजणी, सगळं आधी तिथे आणि वर्ग नंतर. पिन्शोचं "प्रोफेसर" हे पद बरंच नावापुरतं होतं, अधूनमधून येऊन लेक्चर द्यायचा, पण त्याच्या आईवडिलांनी ही मिलफर्डची सोय करून दिली ती मात्र स्कूलला फार उपयोगी पडली असं दिसतं.

आणि एक, ग्रेव्हजने कोर्स पदवीनंतरचा दोन वर्षांचा ठेवला, मास्टर ऑफ फॉरेस्ट्री. त्या काळात हे विचित्रच होतं कारण जंगलात काम करणाऱ्याला एवढं शिक्षण कशाला असं सगळ्यांना वाटायचं.

कोकणी_ऐन :

सगळे येल येल करतायत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू टाकतो, नाहीतर सेमिनारमध्ये कोणीतरी हात वर करून विचारेल आणि फजिती होईल. येल हे अमेरिकेतलं *पहिलं* फॉरेस्ट्री स्कूल नाही. १८९८ साली दोन निघाली होती. एक नॉर्थ कॅरोलायनात बिल्टमोरला, व्हँडरबिल्टच्या इस्टेटीवर, ते चालवायचे डॉ. कार्ल शेंक, जर्मन माणूस, एका वर्षाचा कोर्स, सकाळी लेक्चर आणि दुपारी घोड्यावर बसून जंगलात. दुसरं कॉर्नेलला, तिथे प्रमुख बर्नहार्ड फर्नाव, हा पण जर्मन, पिन्शोच्या आधी फॉरेस्ट्री डिव्हिजनचा प्रमुख हाच होता, १८८६ ते १८९८.

फर्नावचं काय झालं ते वाचण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्याने कॉर्नेलला ॲडिरॉन्डॅक डोंगरात ३०,००० एकर जंगल प्रात्यक्षिकासाठी दिलं, ह्याने विचार केला की जुनं हार्डवुड तोडून तिथे पाइन-स्प्रूस लावू, तोडलेलं लाकूड पिंपं बनवणाऱ्या ब्रुकलिन कूपरेज कंपनीला विकू, त्यात स्कूलचा खर्च निघेल. शास्त्र म्हणून फार चुकीचं नव्हतं, पण ते जंगल होतं सॅरनॅक लेकच्या बाजूला आणि तिथे न्यूयॉर्कच्या श्रीमंत लोकांचे उन्हाळी बंगले. समोरचा डोंगर उघडा पडलेला आणि धूर येतोय म्हटल्यावर त्यांनी जी बोंब मारली, गव्हर्नर ओडेलने १९०३ ला स्कूलची ग्रँटच व्हीटो केली आणि स्कूल बंद. पाच वर्षांत खेळ खलास. फर्नाव नंतर कॅनडात गेला आणि टोरांटोचं फॉरेस्ट्री स्कूल उभं केलं १९०७ ला, त्याचा सहकारी फिलिबर्ट रोथ मिशिगनला गेला आणि तिथे शिकवायला लागला. शेंकला पण व्हँडरबिल्टने १९०९ ला काढलं, मग तो विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरत्या शाळेसारखं शिकवत राहिला, १९१३ ला तेही संपलं.

म्हणजे येल टिकलं ते काही फक्त प्रोफेसर भारी होते म्हणून नाही. त्यांच्याकडे देणगीचा फंड होता, दरवर्षी विधानसभेकडे हात पसरायला नको होता, आणि पोरांना नोकरी द्यायला वॉशिंग्टनमध्ये स्वतः पिन्शो बसलेला. १९१० पर्यंत नॅशनल फॉरेस्ट १५० झाली होती, १७ कोटी एकरांच्या वर, माणसं कुठून आणणार? पहिले पाच चीफ बघ. पिन्शो आणि ग्रेव्हज येल कॉलेजचे, पुढचे तिघे ग्रीली, स्टुअर्ट, सिलकॉक्स हे फॉरेस्ट स्कूलचे. १९३९ पर्यंत खुर्ची येलच्या बाहेर गेलीच नाही. ह्याला तुम्ही गुणवत्ता म्हणा, मी थोडं वशिलेबाजीच्या जवळ जाणारं काहीतरी म्हणेन :)

जुना_रेंजर :

@कोकणी_ऐन वशिला म्हणायला सोपं आहे साहेब, पण तेव्हा दुसरीकडे शिकलेला माणूस होता किती? फर्नावचं स्कूल बंद पडलं, शेंकची पोरं लाकूड कंपन्यांत गेली बरीचशी. बाकी फंडाचा मुद्दा मान्य.

सह्याद्री_वाचक :

ब्रँडिसबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, ताई तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी. डीट्रिख ब्रँडिस मूळचे बॉनचे वनस्पतीशास्त्रज्ञ. १८५६ ला बर्मात पेगूच्या सागवान जंगलांवर आले, १८६४ ला हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले, डेहराडूनचं फॉरेस्ट स्कूल १८७८ ला त्यांच्याच काळात सुरू झालं, १८८३ ला निवृत्त होऊन परत बॉनला. बर्मात हत्तीवर बसून सागवान मोजायचे, हातात काठ्या, जाडीच्या प्रत्येक वर्गाला एक काठी आणि झाड दिसलं की त्या काठीवर चाकूने खाच. हा किस्सा अमेरिकेत पोचला तो पिन्शोमुळे, कारण त्याने तो स्वतः लिहून ठेवलाय.

आता कनेक्शन बघा. पिन्शो १८८९ ला युरोपात आला तेव्हा आधी भेटला विल्यम श्लिखला, जो ब्रँडिसनंतर हिंदुस्थानात इन्स्पेक्टर जनरल होता आणि तेव्हा इंग्लंडला कूपर्स हिलच्या कॉलेजात इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसची पोरं तयार करत होता. श्लिखने पाठवलं ब्रँडिसकडे. ब्रँडिस दरवर्षी त्या हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज पोरांना जर्मनी-स्वित्झर्लंडच्या जंगलांच्या दौऱ्यावर न्यायचे, त्या दौऱ्यात पिन्शो पण गेला. बिल्टमोरला शेंकला पाठवण्यामागेही ब्रँडिसच. म्हणजे कागदावर शिक्षण जर्मन-फ्रेंच पण "सरकारने मोठं जंगल ताब्यात घ्यायचं, त्यासाठी खातं उभं करायचं आणि खात्यासाठी शाळा काढायची" हा जो पूर्ण नकाशा आहे तो हिंदुस्थानातला अनुभव आहे. जर्मनीत असं कोरं मोठं राज्य कुठे होतं? ते बर्मा आणि मध्य प्रांतात होतं, आणि अमेरिकेच्या पश्चिमेला होतं.

पण एवढंच लिहून थांबू नका ही विनंती. त्याच नकाशाची दुसरी बाजू १८७८ चा फॉरेस्ट ॲक्ट. ब्रँडिस स्वतः गावांचे हक्क काही प्रमाणात राखा म्हणत होते, गावाची वेगळी जंगलं ठेवा म्हणत होते, जंगलखात्यातलेच अधिकारी बेडन-पॉवेल, त्यांचा गट म्हणाला सगळं सरकारचं, आणि कायदा बऱ्यापैकी त्या दुसऱ्या बाजूने झुकला. आपल्याकडे ठाणे-कुलाब्यात राबासाठी (भाताची रोपं टाकायची जमीन भाजायला) फांद्या तोडण्यावरून एवढा असंतोष झाला की १८८५ ला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने कुरणं आणि डोंगर कसे बळकावले ह्यावर झोड उठवलीय ती तर आपल्याला माहितीच आहे. अमेरिकेत पण ती जमीन मोकळी पडलेली नव्हती, तिथल्या आदिवासी लोकांची होती. मार्श हॉलमध्ये हे शिकवलं जात नव्हतं.

पानगळ_२२ :

बापरे, एवढं सगळं! खूप खूप थँक्यू सगळ्यांना. @जुना_रेंजर काका, ग्रेव्हजवर एक पूर्ण स्लाइड करतेय. @सह्याद्री_वाचक राबाचा मुद्दा नक्की घेते, आमच्या गावाकडे अजून राब भाजतात. आता टूमी आणि चॅपमन राहिले. आणि आल्डो लिओपोल्ड तिथलाच ना? तो शिक्षक म्हणून घ्यायचा की विद्यार्थी म्हणून?

वणवा_नको :

चॅपमन माझा आवडता माणूस, सरका सगळे बाजूला :D

हर्मन हाउप्ट चॅपमन. येलला १९०६ पासून १९४३ पर्यंत शिकवत होता, भांडखोर म्हणून प्रसिद्ध, सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्सचा अध्यक्ष १९३४ ते ३७. ह्याचं मुख्य काम लुइझियानात. येलची पोरं स्प्रिंग कॅम्पला दक्षिणेत जायची, युरेनिया नावाच्या गावाला हेन्री हार्टनर म्हणून लाकूड कंपनीवाला होता, त्याने आपलं जंगल प्रयोगाला दिलं. तिथे लाँगलीफ पाइन. ह्या झाडाची गंमत अशी की रोप पहिली काही वर्षं उंच वाढतच नाही, गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत बसून राहतं आणि खाली मूळ जाड करत राहतं. त्या काळात त्याच्यावर ब्राउन स्पॉट नावाचा पानांचा रोग येतो आणि भोवतीचं गवत, इतर झुडपं त्याला दाबून टाकतात. चॅपमनने वर्षानुवर्षं प्लॉट लावून दाखवलं की थंडीत हलकी आग फिरवली तर रोगट पानं जळून जातात, गवत मोकळं होतं आणि रोपाचा शेंडा दाट पानांच्या आत झाकलेला असल्यामुळे तो वाचतो. म्हणजे आग पूर्ण बंद केली की हे जंगल पुन्हा उभंच राहणार नाही. १९२६ ला त्याचं बुलेटिन आलं, येलनेच छापलं.

आता हे कधी म्हणतोय बघा. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना भागात जो महाभयंकर वणवा लागला, ३० लाख एकर दोन दिवसांत, ८० च्या वर माणसं मेली, त्यानंतर फॉरेस्ट सर्व्हिसचं धोरणच झालं की आग म्हणजे शत्रू. त्या वणव्याच्या वेळी त्या विभागाचा प्रमुख होता विल्यम ग्रीली, येल १९०४, आणि त्याचा असिस्टंट सिलकॉक्स, येल १९०५. ग्रीली पुढे तिसरा चीफ झाला आणि हलकी आग लावायला सांगणाऱ्या लोकांची टर उडवायचा. सिलकॉक्स पाचवा चीफ, त्याने १९३५ ला नियम काढला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आणि हे चालू असताना ज्या स्कूलमधून हे दोघे शिकले त्याच स्कूलचा प्रोफेसर दक्षिणेत पोरांना काडेपेटी देऊन सांगतोय की लावा आग, पण वारा बघून, ओल बघून, ठरवून. एकाच खोलीतून दोन टोकाची माणसं निघाली. आज अमेरिकेत दरवर्षी लाखो एकरांवर मुद्दाम ठरवून आग लावतात, विशेषतः आग्नेय भागात, आणि तिथे चॅपमनचं नाव घेतात.

मला हे जवळचं वाटतं कारण आपल्याकडे फेब्रुवारी आला की खातं जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा पट्टा) काढतं आणि मोहफुलं वेचायला म्हणून झाडाखाली पाचोळा जाळला की माणसावर केस. मी म्हणत नाही की आपलं पानगळीचं जंगल म्हणजे लाँगलीफ पाइन, तसं अजिबात नाही, सागाच्या किंवा ऐनाच्या रोपाला आग लागली तर ते खुरटतं. पण चॅपमनने जे केलं ते म्हणजे प्लॉट लावले, वर्षानुवर्षं मोजले आणि त्या आकड्यांवर बोलला, ते इथे किती ठिकाणी झालंय?

जुना_रेंजर :

@वणवा_नको हो हो पण एक लक्षात घ्या, लुइझियानात हवा दमट, जमीन सपाट, आणि त्या आगीला चहूबाजूंनी माणसं उभी. मेळघाटात एप्रिलमध्ये उतारावर आग वर चढायला लागली की काय होतं ते मी पाहिलंय. प्लॉट लावून मोजायला हवं ह्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा.

आणि पोरी, लिओपोल्ड. मास्टर ऑफ फॉरेस्ट्री १९०९, म्हणजे ग्रेव्हज-टूमी-चॅपमन ह्यांच्या हाताखालचा विद्यार्थी. न्यू मेक्सिको-ॲरिझोनात नोकरी केली, १९२४ ला गिला वाइल्डरनेस राखून ठेवायला लावली, शिक्षक झाला तो विस्कॉन्सिनला, १९३३ ला गेम मॅनेजमेंटची (शिकारीच्या प्राण्यांचं व्यवस्थापन) तिथली पहिली चेअर. त्यामुळे येलच्या शिक्षकांत घालू नको, विद्यार्थ्यांत घाल. लोक त्याला पिन्शोच्या एकदम विरुद्ध म्हणून उभा करतात, पण सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं तोही पक्का येलवालाच होता, लांडगे मारा म्हणणारा. १९४८ ला शेजाऱ्याच्या शेताजवळ लागलेली गवताची आग विझवताना गेला.

सागपान :

टूमीबद्दल मी लिहिते, सिल्व्हिकल्चर (जंगल लावण्या-वाढवण्याचं शास्त्र) माझा विषय आहे.

जेम्स टूमी मूळचा वनस्पतीशास्त्राचा माणूस, आधी ॲरिझोना युनिव्हर्सिटीत होता. १९०० ला ग्रेव्हजबरोबर येलला आला आणि ग्रेव्हज वॉशिंग्टनला गेल्यावर १९१० ते १९२२ डीन. झाडं लावण्यावरचं त्याचं पुस्तक १९१६ चं. पण त्याचं नाव मी घेते ते वेगळ्याच कारणासाठी. सगळ्या फॉरेस्टर लोकांची तेव्हा ठाम समजूत होती की दाट जंगलाच्या सावलीत रोपं मरतात कारण त्यांना उजेड मिळत नाही. टूमीने न्यू हॅम्पशायरमध्ये कीन गावाजवळ येलच्या जंगलात पाइनच्या दाट सावलीत छोटे प्लॉट घेतले आणि त्यांच्या भोवती चर खणून मोठ्या झाडांची आत येणारी मुळं तोडून टाकली. वरची सावली तशीच, फांदीला हात नाही लावला. काही वर्षांत चराच्या आतला तुकडा हिरवागार झाला, रोपं, गवत, झुडपं, आणि बाजूचा तुकडा तसाच उजाड. म्हणजे मारत होती ती सावली एकटी नव्हे, मोठी झाडं मातीतलं पाणी ओढून घेत होती. सहकारी कीनहोल्झबरोबरचं बुलेटिन १९३१ ला छापलं आणि १९३२ ला टूमी गेला. नंतर त्या जंगलाला त्याचंच नाव दिलं.

मी ह्यांचं श्रेय ग्रेव्हजपेक्षा जास्त मानते खरंतर. जुना_रेंजर काका रागावू नका, पण चीफ होणं आणि शास्त्र पुढे नेणं ह्यात फरक आहे.

त्याच परंपरेत राल्फ हॉली, त्याचं सिल्व्हिकल्चरचं पुस्तक १९२१ ला आलं आणि पुढे त्याचाच वारस डेव्हिड स्मिथ ते सुधारत राहिला. १९५४ पासून स्मिथचं नाव त्यावर आहे, १९९७ ला नववी आवृत्ती निघाली. आपल्याकडे लायब्ररीत फाटलेल्या कव्हरचं जे जाड पुस्तक असतं ना, ते हेच. स्मिथचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला मिश्र जंगलाचं वेड, वेगवेगळ्या जातीची झाडं एका वयाची असून वेगवेगळ्या थरांत कशी वाढतात हे तो शिकवायचा, जेव्हा बाकी जग एकसुरी प्लँटेशनच्या मागे लागलं होतं.

न्यूहेवनकर :

सॅम्युअल रेकॉर्ड राहिला की! १९३९ ते १९४५ डीन. लाकडाच्या आतल्या रचनेचा माणूस. १९२५ ला 'ट्रॉपिकल वुड्स' नावाचं नियतकालिक काढलं आणि जगभरातून लाकडाचे तुकडे मागवत सुटला, पन्नास हजारांच्या वर नमुने जमवले येलने. नंतर १९६९ च्या सुमारास तो सगळा संग्रह मॅडिसनला सरकारच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबला दिला. आज चोरटी लाकूडतोड पकडताना लाकूड कुठल्या जातीचं हे ठरवायला असले संग्रह वापरतात. आणि कनेटिकटमध्ये येल-मायर्स जंगल आहे, ७,८०० एकरांच्या आसपास, १९०२ चा विद्यार्थी जॉर्ज मायर्सने दिलेलं, तिथे आम्ही ट्रेल चालतो. अजून तिथेच पोरांना तोडायची झाडं निवडायला आणि मार्किंगला लावतात.

कोकणी_ऐन :

१९६० नंतरचं पण एखादी ओळ टाक. हर्बर्ट बोरमन १९६६ ला येलला आला, न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक ह्या संशोधनाच्या जंगलातल्या ओढ्यांवरचं काम, अमेरिकेतल्या पावसात ॲसिड आहे हे तिथून पुढे आलं. त्याच वाटेने १९७२ ला नावात एन्व्हायर्नमेंटल स्टडीज जोडलं आणि २०२० ला तर नाव सरळ स्कूल ऑफ द एन्व्हायर्नमेंट, फॉरेस्ट स्कूल हा त्याच्या आतला भाग. मला विचाराल तर तिथून ते फॉरेस्ट्री स्कूल राहिलं नाही, पॉलिसीवाल्यांचं झालं.

सागपान :

नाही पटलं. बोरमनने ओढ्याचं पाणी मोजलं आणि टूमीने चर खणून मातीतलं पाणी, काम एकाच जातीचं आहे.

पानगळ_२२ :

@सागपान मॅडम, एक विचारू का, टूमीचा तो चराचा प्रयोग छोट्या प्रमाणात मला प्रोजेक्टला करता येईल का? कॉलेजच्या मागे ऐन-किंजळाचं जुनं रान आहे आणि खाली रोपं टिकतच नाहीत. मार्चपर्यंत वेळ आहे माझ्याकडे.

सागपान :

करता येईल, पण मार्चपर्यंत रोपांची वाढ दिसणार नाही, ती अपेक्षा ठेवू नकोस. त्यापेक्षा मातीतली ओल मोज, तो फरक लवकर दिसतो. पाऊस थांबल्यावर लगेच चर घे, ऑक्टोबरच्या आत. जोड्या करून प्लॉट ठेव, एक चराचा एक बिनचराचा, दोन्हीवर सावली सारखी हवी. जांभा असेल तर खणताना हाल होतील, पहारीची सोय बघ. चरात प्लॅस्टिकचा जाड कागद उभा घालून परत माती भर, नाहीतर मुळं परत आत शिरतात आणि पुन्हा पुन्हा कापत बसावं लागतं. दर पंधरवड्याला एकाच खोलीवरची माती घे, ओव्हनमध्ये वाळवून वजन कर. आणि झाडाच्या बुंध्याला अगदी चिकटून चर घेऊ नको, जुनं झाड आहे, वाऱ्याने कलंडलं तर कॉलेजवाले माझं नाव विचारतील.